शेवटच्या खांबाची मोटर

चैत लागला आणि सत्यभामेचा सारा दिवस त्या लोखंडी पेटीपुढे जाऊ लागला.

विहिरीशेजारच्या खोपडीत, कुडाला आडवी फळी ठोकून, पेटी बसवली होती. तोंडावर काच, काचेआड काटा, काट्याच्या खाली एक लाल रेघ, वर एक लाल रेघ. बाजूला पितळेची मूठ. मूठ एक घर वर सरकवली की काटा चढायचा, एक घर खाली ओढली की उतरायचा. काटा दोन रेघांच्या मधात ठेवायचा, एवढंच काम. मधात असला की मोटर सरळ चालायची आणि मांडीएवढी धार हौदात पडायची. खाली गेला की मोटर कण्हायची, चटका लागेल इतकी तापायची, आणि धार पोराच्या मुतासारखी होऊन जायची.

"पाह्य वं, पडला का?" बाहेरून नत्थुजीचा आवाज यायचा. तो संत्र्याच्या आळ्यांत फावडं घेऊन वाकलेला असायचा.

"पडला."

"मंग चढव ना!"

ती मूठ वर सरकवायची. काटा उठायचा. ती श्वास सोडायची. आणि मग, तो श्वास पुरता सुटत नाही तोच, काटा हळूहळू परत खाली. जसं कोणी पदर धरून मागे ओढतं.

ओढणारं कोण हे तिला ठाऊक होतं. बांधापलीकडे धाकट्या दिराची, शालिकरामची विहीर. तिथंही अशीच खोपडी, अशीच पेटी आणि पेटीपुढे बसलेली तिची जाऊ कौशल्या. सत्यभामेनं मूठ चढवली की कौशल्येचा काटा पडायचा. कौशल्या चढवायची, की हिचा पडायचा. हिनं पुन्हा चढवली की पार तिकडे, रस्त्याच्या अंगाला, खुशालराव माळ्याच्या मोठ्या बागेत त्याच्या बायकोचा, मैनाबाईचा काटा पडायचा, आणि मैनाबाई काही हात बांधून बसणारी बाई नव्हती. अशा तिघी, तीन खोपड्यांत, एकमेकींचं तोंड न पाहता, एकाच तारेवर दिवसभर ओढाताण करायच्या. दुपारपर्यंत तिन्ही मुठी शेवटच्या घरात जाऊन अडायच्या आणि तिन्ही मोटरी कण्हत राहायच्या. तिघींतही सगळ्यांत जास्त कण्हायची ती सत्यभामेची. तिचा खांब शेवटचा.

ही तार अमरावतीहून निघून चांदूर रेल्वेच्या रस्त्यानं यायची. वाटेत शेठचा कापसाचा जिन होता. जिनापर्यंत तांब्याची तार, बोटाएवढी जाड. जिनाच्या फाटकाच्या पुढे मात्र माळ्यांचे मळे लागायचे, आणि तिथून लोखंडाची बारीक तार. लढाई चालू होती, तांबं मिळत नव्हतं, असं कंपनीनं सांगितलं. शेठला मिळालं होतं. माळ्याला मिळालं नाही. बारीक तारेतून जोर शेवटपर्यंत पोचत नाही हे कंपनीला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच पेट्या आणल्या. शेठच्या जिनाला पेटी नव्हती. त्याला लागतच नव्हती.

पेट्या बसवल्या त्या दिवशी कंपनीचा साहेब टोपी सावरत म्हणाला होता, "प्रत्येकाची पेटी आपली आपली. आपला काटा पाहायचा, आपली मूठ फिरवायची. कोणाला विचारायचं काम नाही."

हे शेवटचं वाक्य नत्थुजीला फार आवडलं. घरी येऊन त्यानं ते जेवताना पुन्हा म्हणून दाखवलं. "कोनाले इचाराचं काम नाई! आयकलं?" पूर्वी नाल्याचं पाणी पाटानं यायचं तेव्हा पाळी असायची. कोण सकाळी, कोण दुपारी, कोणाचं आळं भरलं की कोणाचं फोडायचं, हे पाटाकाठी उभं राहून, भांडून, शिव्या देऊन का होईना, पण ठरायचं. त्या पाळीतूनच दोघा भावांचं बिनसलं होतं. मग वाटणी झाली, बापाची विहीर शालिकरामच्या हिश्श्यात गेली, नत्थुजीनं ईर्षेनं दुसरी खोदली, आणि त्या दिवसापासून बांधाच्या अल्याडपल्याड अबोला. भाऊ बोलेनात म्हणून जावाही बोलेनात. पेटी आली आणि नत्थुजीला वाटलं, आता जन्मात त्या घराशी बोलावं लागणार नाही. मोटर घेतानाच त्यानं मोटेची बैलजोडीही विकली.

बाग आंबिया बहाराची होती. आधीची माणसं आंबियाच्या नादी लागत नसत. उन्हाळ्यात झाडांना ताण द्यायचे, पाणी तोडायचे, आणि मृगाच्या पाण्यावर फूल घ्यायचे. वैशाखात सगळ्या विहिरी निवांत असत. तार आली तसं सगळ्यांनीच माघात फूल धरलं. झाडं पांढरी झाली, वास पार रस्त्यापर्यंत गेला, आणि आता फाटा-फाट्याला सुपारीएवढी हिरवी फळं लटकली होती. आता पाणी तुटलं की झाड फळ ठेवत नाही. टाकून देतं.

झाडांनी टाकायला सुरुवातही केली होती.

*

तारवाला शेषराव खांबावरून उतरला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवर लोखंडाचे वळ उठले होते. त्यानं हौदावर तोंड धुतलं, पेटीकडे पाहिलं, मग फ्यूजची चिनीमातीची डबी उघडली आणि तोंडातलं पाणी थुंकला.

"हे काय हो नत्थुजी?"

"तार हाय."

"तार दिसते मले. ही तांब्याची हाय, अन् दुहेरी हाय. कोठी भेटली?"

"भेटली एक जागी. तुयी तार घडी-घडी जळते. दिवसातून तीनदा. तिकडे आळी सुकून राह्यली अन् इकडे मी तुयी वाट पाहू का, का कवा हा राजा सायकलीवर येईन?"

"ते जळते म्हनून मोटर वाचते नं बापा!" शेषरावानं कपाळावर हात मारला. "जोर कमी पडला तं मोटर तापते, जास्त झाला तरी तापते. मधात ते बारकी तार मरते अन् मोटरीचा जीव राह्यते. तुमी तिले मरूच देऊन नाई राह्यले. आंधीच वास येऊन राह्यला मोटरीले, कसा करपट. आतलं वेटोळं भाजलं हाय तिचं. आता जळन तं भरून भेटनार नाई, सांगून ठेवतो. तांबं सारं लढाईवर गेलं."

"मंग काय करू? बारकी टाकू अन् फळं गळू देऊ?"

शेषरावानं डबीचं झाकण लावलं. मग बांधापलीकडे हनुवटी करून म्हणाला, "तिघं बसून पाळी ठरवा. एकानं चालवली तं दोघांनी बंद. त्याले पुरते हे तार. तिघाईले पुरत नाई, कितीई मुठी चढवा."

"कंपनीनं तं सांगतलं का कोनाले इचाराचं काम नाई."

"कंपनीच्या बापाचं काय जाते सांगाले," शेषराव म्हणाला आणि सायकलीवर टांग टाकून निघून गेला. डबीतली तार त्यानं काढली नाही. काढली असती तर नत्थुजीनं दुसरी टाकली असती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

नत्थुजी खुशालरावाकडे गेला. भावाकडे गेला नाही. खुशालराव माचीवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं बस म्हटलं नाही. नत्थुजी उन्हात उभा राहून पाळीचं बोलला.

"पाळी?" खुशालराव हसला. "अरे, पाळी तं तुमच्या घरातच पुरली नाई दोघा भावाईले, अन् मले शिकवाले आला? तुह्या भावाले इचारलं का?"

"त्याले काय इचाराचं."

"मंग मले काय इचारतो? मधात तं थोच बसला हाय. मी बंद केली तं जोर त्याच्याकडे जाईन, तुह्याकडे काय जाईन, दगड? जाय, आंधी सख्ख्या भावाशी बोल."

सुपारीचं खांड त्यानं तोंडात टाकलं. नत्थुजीला दिलं नाही.

नत्थुजी परत आला. पायात वहाण होती तरी तळवे भाजल्यासारखा चालत होता. भावाकडे गेला नाही तो नाहीच.

*

मग डोक्यावरून पाणी वाहणं सुरू झालं. मोटर कण्हत-कण्हत जे काही हौदात टाकायची ते दांडानं, मातीच्या पाटानं, पाठवलं तर वाटेतच भेगांत जिरायचं. काळी जमीन, उन्हानं उललेली, भेगेत कोपरापर्यंत हात जायचा. म्हणून हौदातून पितळेची गुंडी भरायची, डोक्यावर घ्यायची, लांबच्या ओळीपर्यंत न्यायची आणि झाडाच्या बुडाशी ओतायची. एका झाडाला गुंडी म्हणजे तहानलेल्या बैलाला ओंजळ. तरी सत्यभामा वाहायची. मानेत कळ यायची, गुडघे उतरताना कडकड वाजायचे. ओल्या चुंबळीचं पाणी पाठीवरून गळून लुगडं अंगाला चिकटायचं, आणि दुसऱ्या खेपेपर्यंत वाळायचं.

मधेच पळत येऊन काटा पाहायचा. मूठ शेवटच्या घरात. काटा लाल रेघेखाली.

बांधापलीकडे कौशल्या दिसायची. तिच्या झाडांखाली ओल होती, काळीभोर. सत्यभामेनं त्या ओलीकडे पाहिलं आणि मान फिरवली. एकदा कौशल्या बांधाशी येऊन उभी राहिली. तोंड उघडल्यासारखं झालं. सत्यभामा डोक्यावरची गुंडी सावरत तिच्या समोरून गेली आणि मुद्दाम गुंडीलाच म्हणाली, "चाल माय, आपल्यालेच चालाचं हाय."

कौशल्या मागे फिरली.

त्याच दुपारी जिनाचा भोंगा झाला. दुपारी जिनातली माणसं भाकर खायला सुटायची, आणि तेवढा वेळ तारेत थोडा जीव यायचा. सत्यभामा धावत खोपडीत गेली. काटा वर येत होता. तिनं मूठ एक घर खाली घेतली, मग हात थांबवला. आणखी खाली घेतली असती तर कौशल्येनं जोर तिकडे ओढला असता, हे रोजचंच होतं. काटा दोन रेघांच्या मधात येऊन ठरला. धार जाड झाली.

"अजी आयकलं का, चालली!" ती ओरडली.

"दांड सोड!" नत्थुजी लांबच्या ओळीतून ओरडला. "इकडे ये लवकर, फुटून राह्यला!"

पाणी दांडात पळत होतं आणि एका भेगेपाशी सगळंच खाली चाललं होतं. ती फावडं घेऊन धावली. दोघांनी मिळून भेग चिखलानं दाबली. ती पायानं तुडवत होती, तो ढेकळं टाकत होता. पाणी पुढे सरकलं. पहिलं झाड. दुसरं झाड. बऱ्याच दिवसांनी नत्थुजीच्या तोंडावर काहीतरी आलं, हसू नाही, पण त्याच्या जवळपासचं.

"घे, घे," तो पाण्यालाच म्हणत होता. "चाल, चाल बापू."

मग मोटरीचा आवाज बदलला.

कण्हणं नव्हतं. ते कण्हणं ती झोपेतही ओळखायची. हा आवाज दुसरा होता, दाटलेला, घुमणारा, पत्र्याच्या डब्यात हजार भुंगे कोंडल्यासारखा. सत्यभामेनं फावडं टाकलं आणि धावली. चिखलात पाय रुतला, पडली, उठली. खोपडीच्या दारापर्यंत आली तेव्हा काटा वरच्या लाल रेघेच्याही पलीकडे, काचेच्या काठाला जाऊन टेकला होता. तिनं मुठीला हात घातला. त्याच वेळी मोटरीतून फट् असा आवाज आला, निळा जाळ दिसला, आणि करपट, गोडसर धूर तिच्या तोंडावर आला.

डबीतली दुहेरी तार शाबूत होती.

नत्थुजी धापा टाकत आला. त्यानं खटका पाडला. मोटरीवर हात ठेवला आणि ओढून घेतला. मग तसाच पुन्हा ठेवला, भाजत असताना.

ती बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुरानं की कशानं, तिलाही कळत नव्हतं. बांधावरून कौशल्या धावत येत होती, पदर पडलेला, केस सुटलेले.

"मोठ्ये बाई! काय झालं वं? धूर काह्याचा?"

वाटणीनंतरचा हा पहिला शब्द.

सत्यभामेनं पदरानं डोळे पुसले.

"मीनं बंद केली होती वं," कौशल्या हुंदके देत बोलू लागली. "तुह्या डोक्यावरची गुंडी पाहवत नव्हती मले. मैनाबाईच्या पाया पडून आली, म्हटलं घंटाभर तुमीई बंद करा, शेवटच्या बागेले एक डाव पानी होऊ द्या. तिनं बंद केली, मीनं बंद केली. म्हटलं सारा जोर तुले जाईन. तुले सांगाले आली अस्ती तं तुनं घेतलंच नस्तं, मले ठाऊक हाय नं तू कशी हाय थे..."

सत्यभामेला कळलं. दोन्ही मोटरी एकदम बंद झाल्या, जिनही बंद, आणि सगळ्या तारेचा जोर तिच्या एकटीच्या पेटीत आला. मूठ वर होती. कौशल्या जोर ओढणार म्हणूनच वर होती. एक हाक मारली असती तिनं, "बाई, मूठ खाली घे," तर भागलं असतं. आणि आपण गुंडीशी बोलण्याऐवजी तिच्याशी बोललो असतो, तर हाक मारायची तिची छाती झाली असती.

खोपडीतून नत्थुजीच्या पावलांचा आवाज आला.

"चूप," सत्यभामा हळूच म्हणाली. तिनं कौशल्येचं मनगट घट्ट धरलं. "हे कोनाले सांगू नको. तुह्या मालकालेई नाई. जाय."

"पन बाई..."

"जाय म्हटलं नं कौसे. कुऱ्हाडी निघतीन."

कौशल्या बांधाकडे मागे-मागे सरकली. नत्थुजी दारात आला. हाताच्या तळव्यावर फोड उठत होते.

"काटा एवढा वर कसा गेला?"

"मीनं मूठ वरच ठेवली," सत्यभामा म्हणाली. "खाली घ्याची राह्यली. तिकडे धावली मी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. हात उगारला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात उगारला नाही.

"तुले एकच काम देल्लं होतं," तो म्हणाला.

*

मोटर बैलगाडीत घालून त्यानं अमरावतीला नेली. बैलगाडी खुशालरावाकडून मागून आणावी लागली, कारण स्वतःचे बैल याच मोटरीत गेले होते. सत्यभामा मागे पेंढीवर बसून होती, मोटर लोळू नये म्हणून पायानं धरून. राजापेठेत मोटर भरणाऱ्या मिस्त्रीचं दुकान होतं. त्यानं झाकण काढलं, आत बोट फिरवलं, काळं झालेलं बोट दाखवलं.

"सारं गेलं. तांबं आना, भरून देतो."

"तांबं कोठी भेटन?"

"भेटलं अस्तं तं मी बसलो अस्तो का असा?" मिस्त्रीनं रिकाम्या फळ्यांकडे हात केला. "लढाई सरू द्या. मंग या."

"कवा सरन?"

मिस्त्री हसला, पण वाईटपणानं नाही. "थे काय मले इचारून सुरू केली का दादा?"

नत्थुजीनं झाकण आपल्या हातानं परत बसवलं. एकेक पेच आवळला. जळालेल्या मोटरीला इतकं आवळून काय करायचं होतं, देव जाणे. परतीच्या वाटेवर जिनाच्या फाटकापाशी कापसाच्या गाड्यांची रांग होती म्हणून थांबावं लागलं. आत यंत्रं एका लयीत चालली होती, न कण्हता.

बागेत शिरले तेव्हा झाडांखाली जमीन हिरवी दिसत होती. गवत नव्हतं ते. फळं होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर कुदळीचा आवाज आला. कौशल्या बांध फोडत होती. तिच्या मागे शालिकराम उभा होता, मुंडासं हातात घेऊन, जमिनीकडे पाहत. बायकोनं त्याला काय सांगितलं, किती सांगितलं, कोण जाणे. पण तो आला होता.

"दादा," तो बांधापलीकडूनच म्हणाला. "माही मोटर चालवतो मी. पानी तुह्या दांडात सोडतो. झाडं तं वाचतीन. बाबानं लावलेली हायेत, अर्धी तं बाबाचीच हायेत नं."

नत्थुजी झाडाच्या बुडाशी बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"मले नाई पाह्यजे त्याचं पानी," तो बायकोला म्हणाला, जणू भाऊ तिथं नव्हताच. "सांग त्याले."

सत्यभामा उठली. तिनं नवऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं. त्या भाजलेल्या हातात ते नुसतंच टेकलेलं होतं, सहज सुटलं. ती बांधाशी गेली आणि आपल्या बाजूनं माती ओढू लागली. दोघी जावा, समोरासमोर वाकून, एक कुदळीनं, एक फावड्यानं. मधली माती सुटली. शालिकराम खोपडीकडे गेला. थोड्या वेळानं बांधाच्या भगदाडातून पाणी आलं, आधी फेस आणि काडीकचरा घेऊन, मग स्वच्छ.

नत्थुजी पाठ करून बसला. पण उठून गेला नाही. पाणी त्याच्या जवळच्या आळ्यात शिरलं, तसा त्यानं पाय बाजूला घेतला. एक बोट पाण्यात टाकलं. सत्यभामेनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

पहिली ओळ भिजली. दुसरी ओळ भिजत आली. सत्यभामा पाण्याच्या तोंडासोबत चालत होती, फावड्यानं वाट करत. पाणी तिसऱ्या ओळीच्या पहिल्या झाडाशी पोचलं.

जिनाचा भोंगा वाजला. सकाळचं काम सुरू झालं.

पाण्याचं तोंड मंदावलं. थोडं पुढे गेलं, थांबलं, आणि तिथंच भेगेत उतरू लागलं. मागून येणं बंद झालं होतं. पलीकडच्या खोपडीतून कण्हणं ऐकू येत होतं, आणि त्यावर कौशल्येचा आवाज, "चढत नाई वं बाई! शेवटच्या घरात हाय!"

नत्थुजी उभा राहिला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "बंद केली. दोन ओळी देल्ल्या गावाले दाखवाले, अन् बंद केली."

"बंद नाई केली," सत्यभामा म्हणाली. "काटा पडला त्याईचा. जिन चालू झाला. आयका नं, मोटर चालूच हाय, आयका."

"मले आयकवते!"

तिच्या ओठावर सगळं आलं. कौशल्येनं काय केलं होतं, कोणासाठी केलं होतं, मोटर कशी जळाली. बोललं असतं तर एक तर भाऊ भावाच्या गळ्यात पडला असता, नाही तर गळ्यावर. कोणतं ते तिला सांगता येईना. पंधरा वर्षं त्या माणसासोबत राहूनही तिला सांगता येईना. तिनं ओठ मिटले.

नत्थुजीनं तिच्या हातातलं फावडं घेतलं. बांधाच्या भगदाडाशी गेला आणि ओली माती उचलून त्यात टाकू लागला. फोड फुटले, दांडा लाल झाला, तो टाकत राहिला. भगदाड बुजलं. वरून त्यानं पायानं दाबलं.

सत्यभामा तिसऱ्या ओळीत उभी होती. अजून पलीकडची मोटर कण्हत होती, जाऊ ती बंद करत नव्हती. करपट वास यायला लागला तशी सत्यभामा धावत बांधाशी गेली आणि बुजवलेल्या मातीवर उभी राहून, जिवाच्या आकांतानं ओरडली, "कौसे! बंद कर वं! बंद कर! तुयी तं राहू दे!"

कण्हणं थांबलं.

मागे झाडांखाली फळं पडत होती, एकेक, आवाजही न करता, भेगांमध्ये.